आठ डॉलर आणि एक व्हॅलियंट

सकाळचे साडेसात वाजले आहेत आणि बाहेर मिट्ट काळोख आहे. घड्याळ चुकलेलं नाही. ६ जानेवारीला जवळजवळ सगळ्या अमेरिकेने ऐन हिवाळ्यात काटे तासभर पुढे सरकवले, इंधनाची बचत व्हावी म्हणून. तेव्हापासून शिकागोत सव्वाआठ वाजल्याशिवाय सूर्य दिसत नाही. शाळेला निघालेली मुलं हातात बॅटऱ्या घेऊन चालली आहेत. तुम्ही बसथांब्यावर उभे आहात. अंगात दादरच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला लोकरीचा कोट आहे. त्याने मनापासून जाड कापड लावलं होतं, पण मिशिगन सरोवरावरून येणारा वारा त्या बिचाऱ्याने कधी अंगावर घेतलेला नव्हता. पायाखाली बर्फ आहे आणि बर्फावर मीठ पसरलेलं आहे. हे मीठ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साल १९७४. तुम्ही २८ वर्षांचे आहात, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल इंजिनिअर झालेले. तुम्ही इथे आहात याला ३ ऑक्टोबर १९६५ ची एक सही कारण आहे. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. त्याआधी साऱ्या भारताच्या वाट्याला वर्षाला जेमतेम शंभर माणसांचा कोटा होता. तोही १९४६ साली मिळालेला. आता माणूस कुठल्या देशात जन्मला यापेक्षा त्याच्या हातात कोणतं कसब आहे हे पाहिलं जातं, म्हणून डॉक्टर आणि इंजिनिअर निघाले आहेत. सांताक्रूझहून विमानात चढताना रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तुम्हाला आठ डॉलर मिळाले. आठ. त्यातले दोन पहिल्याच संध्याकाळी संपले.

नोकरी मिळाली आहे ती शहराच्या पश्चिमेला, मेलरोज पार्कमधल्या एका कारखान्यात. तुम्ही राहता उत्तरेला. आधी एक बस, मग खांबांवरून धावणारी 'एल' गाडी, मग दुसरी बस, आणि शेवटी रस्त्याच्या कडेने चालत, कारण त्या भागात पायी जाणारं माणूसच कुणी गृहीत धरलेलं नाही. दोन तास जायला, दोन यायला. एक बस चुकली की पुढचं सगळं कोसळतं. मुंबईत तुम्हाला गाडीची कधी गरजच वाटली नव्हती. लोकल होती, बेस्टची बस होती, पाय होते. इथे महिनाभरात लक्षात आलं आहे की या देशात गाडी नसलेल्या माणसाचे पाय घोट्यापासून बांधलेले असतात. भाजी आणायला गाडी, दाताच्या डॉक्टरकडे जायला गाडी, दुसऱ्या मराठी माणसाच्या घरी जेवायला जायलाही गाडी.

तेव्हा गाडी घ्यायची. नवी परवडणार नाही, म्हणजे जुनी. आणि इथेच तुमच्या मनातलं सगळं गणित उलटं पडतं.

तुम्ही ज्या देशातून आलात तिथे मोटारी करणाऱ्या कंपन्या तीन: कुर्ल्याची प्रीमियर, उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. स्कूटरचीही तीच गत. तुमच्या वडिलांनी बजाजला नंबर लावला तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात, आणि तो अजून आलेला नाही. नव्या गाडीची किंमत सरकार ठरवून देतं, पण गाडी मिळतच नाही. त्यामुळे ज्याच्या दारात ती आज उभी आहे तो तिचे नव्याहून जास्त पैसे मागू शकतो, आणि ते त्याला मिळतात. तुमच्या लेखी जुनी फियाट म्हणजे घरात पडून असलेलं सोनं. इकडे मात्र गाडी दुकानाच्या फाटकातून बाहेर पडली की तिची किंमत घसरते, आणि दर हिवाळ्याला आणखी घसरत जाते. चार वर्षांची चकचकीत गाडी नव्याच्या पावकिमतीत उभी दिसली की तुमचं मन लगेच म्हणतं, यात काहीतरी गोम आहे.

ते मन अर्धं खरं बोलतंय.

इथे थोडं थांबून एक गोष्ट तपासून पाहा. तुम्ही ज्या काळातून माझ्याबरोबर इथे आलात, तिथे गाडीचा नंबर टाकला की तिची अख्खी कुंडली समोर येते: किती मालक झाले, कधी ठोकली, केव्हा सर्व्हिसिंग झालं. १९७४ मध्ये यातलं काही नाही. जुन्या गाड्यांच्या चालू किमती छापलेली 'ब्लू बुक' आहे, पण ती विक्रेत्यांकडे आणि बँकांकडे असते. सामान्य गिऱ्हाइकासाठी तिची आवृत्ती निघायला १९९३ उजाडणार आहे. विकायला ठेवलेल्या गाडीच्या काचेवर हमी आहे की नाही ते सांगणारा सक्तीचा कागद १९८५ मध्ये येईल. आज तुमच्याजवळ आहेत ते तुमचे डोळे, कान, नाक आणि माणसांच्या ओळखी. यातल्या पहिल्या तीन गोष्टी तुम्ही मुंबईहून आणल्या आहेत. चौथी अजून नाही, आणि परमुलखात माणूस खरा गरीब असतो तो तिच्याच बाबतीत.

शनिवारी तुम्ही वेस्टर्न ॲव्हेन्यूवर जाता. हा रस्ता शिकागोच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत सरळ जातो आणि मैलोगणती त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या गाड्यांची पटांगणं आहेत. दोऱ्यांना लावलेल्या त्रिकोणी पताका वाऱ्यात फडफडताहेत, काचांवर पांढऱ्या रंगाने मोठाले आकडे लिहिलेत. आणि तिथे, दुसऱ्या रांगेत, ती उभी आहे. इम्पाला. १९७० ची, निळी, सव्वापाच मीटरहून लांब, आठ सिलिंडरांची.

मुंबईत वाढलेल्या माणसाला या गाडीबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. हिंदी सिनेमातला श्रीमंत बाप हिच्यातून उतरतो. मलबार हिलच्या चढावर अशी एखादी दिसली की पोरं खेळ थांबवून बघत राहायची. आणि इथे तिच्या काचेवर लिहिलंय ६९५ डॉलर. तुमच्या महिन्याच्या पगाराहून कमी. वडिलांना पाठवायचा फोटो तुमच्या डोळ्यांसमोर उभासुद्धा राहिला. त्या काळात आपल्या कितीतरी लोकांनी असे फोटो घरी पाठवले, कधी स्वतःच्या गाडीला टेकून, कधी शेजाऱ्याच्या. मला त्यात बढाई दिसत नाही. पोरगा थंडीत कुडकुडत नाही, त्याचं बरं चाललंय, एवढं आईला एका कागदात कळावं म्हणून ते होतं.

पण इम्पाला एवढी स्वस्त का, हे आज समजून घेतलंच पाहिजे. १७ ऑक्टोबर १९७३ ला अरब देशांनी तेल रोखायला सुरुवात केली. इस्रायलशी युद्ध पेटलेलं होतं आणि अमेरिका इस्रायलला शस्त्रं पुरवत होती. तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेलाचं पिंप जानेवारी उजाडेपर्यंत अकरा डॉलरच्या वर गेलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी २ जानेवारीला कायद्यावर सही केली आणि हमरस्त्यांवरची वेगमर्यादा देशभर ताशी ५५ मैलांवर आली. पंपांवर रांगा लागल्या, काही ठिकाणी 'पेट्रोल नाही' अशा पाट्या लटकल्या. याच तेलाची झळ तिकडे घरीही बसली आहे. नोव्हेंबरात पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. इम्पालाला एका गॅलनमध्ये, म्हणजे पावणेचार लिटरांत, शहरात दहा-बारा मैल मिळतात. तीन महिन्यांपूर्वी जी मोठेपणाची खूण होती ती आता दारातलं ओझं झाली आहे, आणि लोक ती मिळेल त्या भावाला सोडताहेत. या एका हिवाळ्यापुरतं अमेरिकेत छोटी गाडी मोठीहून महाग आहे.

चौकड्यांचा कोट घातलेला विक्रेता जवळ येतो. हात पुढे करतो, तुमचं नाव दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा स्वतःच सोपं करून घेतो. म्हणतो, "ही एका शाळामास्तरणीची. घर ते शाळा, शाळा ते घर. बाकी कुठे फिरलीच नाही." मैलांचा आकडा दाखवतो: ३१,०००. तुम्ही दार उघडता. गाडीत नव्या रंगाचा वास येतो. ब्रेकच्या पेडलवरचं रबर एका बाजूने पार गुळगुळीत झालेलं आहे.

एकतीस हजार मैलांत रबर इतकं झिजत नाही. तुम्ही इंजिनिअर आहात, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. मैलांचा आकडा मागे फिरवणं हा या धंद्यातला जुना रोग. ऑक्टोबर १९७२ मध्ये केंद्रीय कायद्याने त्यावर बंदी घातली, आणि आता विकताना मैल लेखी द्यावे लागतात. पण कायदा येऊन सव्वा वर्ष झालं म्हणून सगळे स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवले गेले असं नाही. शिवाय बहुतेक अमेरिकन गाड्यांचं मीटर पाचच आकड्यांचं. ९९,९९९ नंतर ते आपणहून शून्यावर येतं, त्यासाठी कुणाला हातही लावावा लागत नाही.

तुम्ही आभार मानून बाहेर पडता. विक्रेत्याचा राग मानू नका, तो खोटं बोलतोय की खरं हे आपल्याला कळत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. बर्कलीच्या जॉर्ज ॲकरलॉफ या तरुण अर्थशास्त्रज्ञाने ती साडेतीन वर्षांपूर्वी कागदावर मांडली आहे. 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'च्या ऑगस्ट १९७० च्या अंकात त्याचा लेख आला, तोही आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवल्यानंतर. विषय होता जुन्या गाड्या. गाडी चांगली की भिकार हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायलाच तयार होत नाही, तो बाजारातून उठून जातो. उरलेल्यांत भिकार गाड्यांचं प्रमाण वाढतं, घेणारा आणखी कमी देऊ करतो, आणखी काही चांगले मालक उठतात. असं करत करत बाजारच मोडू शकतो, सगळ्यांची दानत बरी असली तरी.

याच लेखात ॲकरलॉफने भारतातल्या कर्जबाजाराबद्दलही लिहिलं आहे. तो १९६७-६८ मध्ये दिल्लीत, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये राहिला होता. गावचा सावकार एवढं भरमसाट व्याज का लावू शकतो? कारण कोण परत करील आणि कोण बुडवील हे त्याला माहीत असतं, बाहेरच्याला नसतं. बाहेरचा स्वस्तात कर्ज द्यायला गेला की बुडवे तेवढे त्याच्या वाट्याला येतात. शिकागोतली मोटार आणि आपल्याकडचा सावकार एका लेखात आले ते एका प्रश्नामुळे: समोरच्याचं आतलं आपल्याला दिसत नसेल तर विश्वास कशावर ठेवायचा? लेखकाला २००१ मध्ये नोबेल मिळणार आहे. तुम्हाला मात्र या प्रश्नाचं उत्तर येत्या आठवड्यात हवंय, आणि तो प्रश्न तुमच्यासमोर एकदा नाही, दोनदा येणार आहे.

कारखान्यात तुमच्या आधी पाच वर्षं आलेले एक कोल्हापूरचे गृहस्थ आहेत. डबा खाताना तुम्ही त्यांना इम्पालाची हकिकत सांगता. ते पोळीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकतात. मग म्हणतात, "अहो, पटांगणात जायचंच कशाला? रविवारचा पेपर घ्या. मालक स्वतः विकतोय तिथं जायचं. आणि मला घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही."

रविवारच्या 'ट्रिब्यून'मध्ये छोट्या जाहिरातींची पानंच्या पानं आहेत. एक ओळ त्यांच्या पेन्सिलीने घेरली जाते: १९६८ प्लिमथ व्हॅलियंट, सहा सिलिंडर, ऑटोमॅटिक, एकच मालक. पत्ता मिलवॉकी ॲव्हेन्यूच्या बाजूचा, पोलिश वस्तीतला. फोन करताना ते तुम्हाला बजावतात, "सांगायचं, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गार इंजिन बघायचं. तापवून ठेवली असली तर चहा पिऊन परत यायचं."

वाटेत रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागांवर लोकांनी स्वयंपाकघरातल्या जुन्या खुर्च्या मांडून ठेवलेल्या दिसतात. ज्याने फावड्याने बर्फ उपसून जागा केली, त्याची ती जागा, आणि खुर्ची ही त्याची खूण. खुर्ची कुणी हलवत नाही. माझ्या मते नव्या माणसाने या शहराचे लेखी कायदे वाचण्याआधी या खुर्च्या बघाव्यात.

मालक साठीचा, हाताची बोटं जाड, नखांत काळं. युद्धानंतर आलेला, आयुष्यभर लेथवर काम केलेला. गाडी फिकट हिरवी, चौकोनी, दिसायला अगदी साधी. कोल्हापूरकर नमस्कार-चमत्कारांत वेळ घालवत नाहीत. खिशातून एक लोहचुंबक काढून रुमालात गुंडाळतात आणि दाराच्या खालच्या पट्टीवरून, चाकांच्या कमानींवरून हळूहळू फिरवतात. आता ते मीठ आठवा. इथल्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात. ते चाकांनी उडून पत्र्याच्या घड्यांत बसतं आणि गाडी खालून कुजत जाते. कुजका पत्रा लपवायला लांबी भरून वरून रंग मारतात. लांबीला चुंबक चिकटत नाही. मागच्या डाव्या कमानीवर चुंबक तळहाताएवढ्या जागेत सुटतं. मालक लगेच म्हणतो, "तिथे मीच भरलंय. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मग तुमची पाळी. बॉनेट उघडा. इंजिन बाजूला कललेलं आहे, सहा सिलिंडर एका ओळीत आणि ती ओळ तीस अंशांनी झुकलेली. क्रायस्लरने हे इंजिन १९६० च्या मॉडेलांपासून लावायला सुरुवात केली आणि चिवटपणासाठी ते नावाजलेलं आहे. यातलं मोठं २२५ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ३,७०० सीसी. आपल्या फियाटच्या इंजिनाच्या तिपटीहून मोठं, आणि इथे ही छोटी गाडी समजली जाते. प्लिमथ हे नाव तुम्हाला परकं नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात आधी क्रायस्लरच्याच गाड्या जोडल्या, डॉज आणि प्लिमथ. फियाट नंतर आली. लहानपणी गिरगावात ज्या दांडग्या टॅक्सीत पाचजण मागे बसून लग्नाला गेलात, तिचीच ही लांबची बहीण.

गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढून काढा. तेल लाल असावं. तपकिरी झालं असेल आणि करपट वास येत असेल, तर बाकी काही बघू नका. हे लाल आहे. आता चालू करायला सांगा आणि तुम्ही मागे जाऊन उभे राहा. पहिला धूर पांढरा निघाला, ती नुसती वाफ, थंडीत प्रत्येक गाडी सोडते. निळा निघाला तर इंजिन तेल पितंय. पांढरा निघतो आणि विरतो. दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याच्या चिकटपट्ट्या आहेत का ते पाहा. मीटर फिरवणारे कधीकधी त्या काढायला विसरतात. इथे चिकटपट्ट्या नाहीत. मालक डॅशबोर्डचा कप्पा उघडतो आणि एक छोटी वही काढून देतो.

सहा वर्षांची नोंद आहे. तारीख, मैल, कुठला भाग, किती पैसे. मजकूर पोलिश आहे, पण आकडे तुम्हाला वाचता येतात, आणि आकडे एकमेकांशी जुळताहेत. शेवटची ओळ नोव्हेंबरातली, ५८,४०० मैल. मीटरवर ५८,९००. शाईचे रंग वेगवेगळे, अक्षर मात्र एकच. एका बैठकीत बसून कुणी असं बनवू शकत नाही. पटांगणातल्या त्या माणसाकडे याच्या दसपट गाड्या होत्या, पण ही वही नव्हती. मालक ८०० सांगतो. कोल्हापूरकर कमानीवरच्या लांबीकडे नुसते बघतात. ७५० वर ठरतं. "येऊन किती दिवस झाले?" मालक तुम्हाला विचारतो. तुम्ही सांगता. तो मान हलवतो आणि म्हणतो, पैसे जमवायला आठवडा घ्या, तोवर दुसऱ्या कुणाला दाखवत नाही.

साडेसातशे डॉलर तुमच्याकडे नाहीत. दोनशे आहेत. बँकेत जा. टेबलापलीकडचा माणूस सभ्य आहे. तो विचारतो, याआधी कुठे कर्ज घेतलं होतं? तुम्ही अभिमानाने सांगता, कधीच नाही. आपल्या घरात कुणीच कधी कर्ज काढलेलं नाही, हे आपल्याकडे मुलगी देताना सांगायचं वाक्य आहे. त्याचा चेहरा मावळतो. ज्याने कर्ज घेतलं नाही त्याने फेडलंही नाही, आणि ज्याने फेडलं नाही तो फेडील की नाही हे यांना समजायला मार्ग नाही. तुमची डिग्री, तुमच्या वडिलांची तीस वर्षांची सरळ नोकरी, घरमालकाचं भाडं तुम्ही कधी चुकवलं नाहीत, हे सगळं सातासमुद्रापलीकडे राहिलं. त्या शनिवारी तुम्ही ज्या नजरेने त्या निळ्या इम्पालाकडे पाहिलंत, त्याच नजरेने आज बँक तुमच्याकडे पाहते आहे: बाहेरून ठीक, आतलं माहीत नाही. यात तुमचा अपमान नाही, पण तो लागतोच, आणि लागला तर लागू द्या.

मार्ग निघतो तो कारखान्यातच. कामगारांची आपसातली पतसंस्था आहे, क्रेडिट युनियन. आपल्याकडच्या पगारदार नोकरांच्या सोसायटीसारखीच. सभासदांच्या ठेवींतून सभासदांना कर्ज, आणि केंद्रीय कायद्याने व्याजाला महिना एक टक्क्याची मर्यादा. पण नव्या सभासदाला जामीन लागतो.

जामीन. मराठी घरात या एका शब्दावर किती उपदेश ऐकलेला असतो! भावाला पैसे दे, बुडाले तरी चालतील, पण कुणाला जामीन राहू नकोस. कोल्हापूरकरांनीही तो ऐकलेला असणार. त्यांची दोन मुलं आहेत, स्वतःच्या घराचे हप्ते आहेत, आणि तुम्हाला ते ओळखतात ते काही आठवड्यांच्या डब्यापुरतं. कागद समोर आल्यावर ते चष्मा लावून सगळा वाचतात, शेवटच्या ओळीपर्यंत. मग सही करतात आणि पेनाचं टोपण लावत म्हणतात, "माझ्या वेळी एका गुजराती माणसानं केली होती. चला, शिफ्ट सुरू होईल."

स्थलांतराच्या इतिहासात कायद्याचं साल सापडतं, व्हिसांचे आकडे सापडतात. या सहीची नोंद कुठे ठेवलेली नसते, आणि मला वाटतं की खरा इतिहास तिच्यात जास्त आहे. ॲकरलॉफने दाखवलेला मोडणारा बाजार इथे मोडत नाही, कारण एका माणसाने सहा वर्षं वही लिहिली आणि दुसऱ्याने स्वतःचं नाव तुमच्या नावाखाली लिहिलं.

पुढचं भराभर होतं. मालक 'टायटल' नावाच्या कागदामागे सही करून तो तुमच्या हातात देतो. गाडी कुणाची हे तोच कागद सांगतो, जपून ठेवा. नंबरप्लेट राज्याची घ्यायची, काचेवरचं स्टिकर शहराचं, दोन्हींचे पैसे वेगळे. विमा इलिनॉयमध्ये अजून सक्तीचा नाही, तो १९९० मध्ये होईल, पण कोल्हापूरकरांनी दम दिलाय म्हणून तुम्ही काढता. हप्त्यांच्या पावत्यांची वही टपालाने येते. दर महिन्याला एक पान फाडायचं आणि चेकबरोबर पाठवायचं. प्रत्येक फाडलेलं पान म्हणजे या देशात तुमच्याबद्दल लिहिली गेलेली एक ओळ.

राहिलं चालवणं. तुम्ही मुंबईत कधी चारचाकी चालवलेली नाही. रविवारी दुकानं उघडण्याआधी एका मोठ्या दुकानाच्या रिकाम्या वाहनतळावर कोल्हापूरकर तुम्हाला घेऊन जातात. चाक डावीकडे, रस्ता उजवीकडे. क्लच नाही, डावा पाय नुसता ठेवून द्यायचा, आणि तो पाय ऐकत नाही. बर्फावर ब्रेक दाबला की गाडी थांबत नाही, घसरते. म्हणून दाबून धरायचा नाही, हळूहळू दाबायचा आणि सोडायचा. हे ते तुम्हाला मुद्दाम बर्फावर नेऊन घसरवून दाखवतात. सगळ्यांत अवघड डावं वळण, समोरून येणाऱ्यांना ओलांडून. वळून झाल्यावर तुम्ही सवयीने चुकीच्या बाजूला शिरू पाहता आणि ते शांतपणे चाकाला हात लावतात. दोन आठवड्यांनी परीक्षक शेजारी बसतो, फळीवर कागद लावलेला. तुम्ही पास होता.

सोमवारी पहाटे तुम्ही स्वतः गाडी काढता. आयझेनहॉवर एक्स्प्रेसवेवर सगळे पंचावन्नच्या आत चाललेत, आणि नव्या माणसाला ते बरंच आहे. हीटर गरम हवा पायांवर सोडतोय. दोन तासांचा रस्ता पस्तीस मिनिटांत येतो. आज तुम्ही शिफ्टच्या सव्वा तास आधी पोचलात आणि फोरमनने तुम्हाला कॉफी दिली.

दुपारी डब्याच्या वेळी कोल्हापूरकर सांगतात की सांगलीचं एक जोडपं रविवारी सकाळी ओ'हेअरला उतरतंय. त्याला जवळच्याच कारखान्यात नोकरी लागली आहे, ती आठ महिन्यांची गरोदर आहे. कोल्हापूरकरांची स्वतःची गाडी त्या दिवशी मुलाच्या शाळेच्या कामाला जाणार, तेव्हा तुम्ही जा. व्हॅलियंटच्या डिकीत दोन बॅगा सहज बसतात. जाताना दोन जाड ब्लँकेटं घ्या, त्यांच्या अंगात दादरच्या शिंप्याचेच कोट असतील. आणि टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवा. शनिवारी रात्री नऊपासून रविवारी मध्यरात्रीपर्यंत पंप बंद ठेवावेत असं निक्सन यांनी सांगितलंय, आणि शनिवारी संध्याकाळी रांग कोपऱ्यापलीकडे जाते, म्हणून दुपारी चारलाच निघा.